तेराव्या प्रकरणाचे वाचन

पुस्तक मोठ्याने वाचून ध्वनिमुद्रित करण्यासाठी प्रकरणे वाटून घेण्याचा जो तक्ता होता त्यातील सतरा प्रकरणांपैकी सोळांसमोर वाचकांची नावे लागली होती आणि तेरावे प्रकरण मात्र दोन महिने उलटून गेले तरी रिकामेच होते. पुस्तक होते होरेस केप्‌हार्ट यांचे ‘अवर सदर्न हायलँडर्स’, १९१३ साली प्रसिद्ध झालेले, अमेरिकेच्या दक्षिण अ‍ॅपलॅचियन डोंगरांत राहणाऱ्या लोकांच्या जगण्याविषयीचे. तेराव्या प्रकरणाचा विषय त्या लोकांची बोली हा आहे आणि त्यात जागोजाग असे शब्द येतात, की ते छापलेले पाहून कसे उच्चारायचे हे शाळेत इंग्रजी शिकलेल्या माणसाला उमगत नाही. ज्यांची मायबोली इंग्रजी आहे असे वाचकही त्याला हात लावायला कचरत होते. शेवटी ते मी घेतले. माझे शालेय शिक्षण पाटणच्या मराठी शाळेत झालेले, इंग्रजीचा पहिला धडा पाचवीत गिरवलेला, तेव्हा हे धाडस होते की अज्ञान हे मी आजही नक्की सांगू शकणार नाही.

हे काम लिब्रिव्हॉक्स या उपक्रमातले. माँट्रियलच्या ह्यू मॅग्वायर यांनी २००५ साली तो सुरू केला. स्वामित्वहक्क संपलेली पुस्तके स्वयंसेवकांनी आपापल्या घरी बसून मोठ्याने वाचायची, त्यांचे ध्वनिमुद्रण करायचे आणि ते मुद्रणही सर्वांसाठी मोकळे सोडून द्यायचे, एवढीच त्यामागची कल्पना आहे. वाचणाऱ्याला पैसे मिळत नाहीत, आपल्या आवाजावर त्याचा हक्कही राहत नाही, आणि उद्या कोणी ते मुद्रण विकायला काढले तरी त्याला तक्रार करता येत नाही. आवाजाची निवडचाचणी नसते आणि उच्चारांच्या धाटणीवरून कोणाला नाकारत नाहीत. नव्या वाचकाकडून एक मिनिटाचा नमुना मागवतात, पण तो आवाज पारखण्यासाठी नसतो, मायक्रोफोन आणि संगणक यांची जुळणी ठीक आहे की नाही हे पाहण्यासाठी असतो. अमेरिकेतल्या शार्लट शहरात दहा-बारा वर्षे काढल्यावरही दुकानात मला एखादे वाक्य दोनदा म्हणावे लागत असे, त्यामुळे हा नियम वाचून मला किती बरे वाटले हे निराळे सांगायला नको.

पुस्तकाची निवड माझी नव्हती. समन्वयक बाईंनी ते सुचवले होते आणि कोणती आवृत्ती वाचायची तेही त्यांनीच ठरवून दिले होते, कारण १९२२ साली याच पुस्तकाची वाढवलेली आवृत्ती निघाली आणि तिच्यात तीन प्रकरणे अधिक आहेत. अर्धे वाचक एका आवृत्तीतून आणि अर्धे दुसरीतून वाचू लागले तर प्रकरणांचे क्रमांकच जुळत नाहीत, म्हणून सर्वांनी १९१३चाच पाठ समोर ठेवायचा होता. हक्काचा प्रश्न दोन्ही आवृत्त्यांबाबत मिटलेला आहे. अमेरिकेत एवढ्या जुन्या पुस्तकांच्या बाबतीत प्रकाशनाचे वर्ष पाहतात, तर आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतरची साठ वर्षे मोजतात, आणि केप्‌हार्ट १९३१ साली मोटार अपघातात गेले, तेव्हा भारतात बसूनही हे पुस्तक निर्धास्तपणे वाचता येते.

लेखकाची हकीकत पुस्तकाइतकीच डोंगराळ आहे. केप्‌हार्ट पेशाने ग्रंथपाल होते. सेंट लुईस शहरातील एका नामांकित ग्रंथालयाची जबाबदारी सोडून, मनाने आणि प्रकृतीने पार खचलेल्या अवस्थेत, बायको आणि सहा मुले मागे ठेवून, १९०४ साली ते नॉर्थ कॅरोलिनाच्या पश्चिम टोकाला आले आणि ग्रेट स्मोकी पर्वताच्या पायथ्याशी, हेझल क्रीक नावाच्या ओढ्याच्या वरच्या अंगाला, तांब्याच्या एका बंद पडलेल्या खाणीजवळच्या लाकडी खोपटात राहू लागले. तेथे त्यांनी शेजाऱ्यापाजाऱ्यांचे बोलणे वहीत टिपून ठेवायला सुरुवात केली. अस्वलाची शिकार, चोरून दारू गाळण्याच्या भट्ट्या, अबकारी अधिकाऱ्यांशी होणाऱ्या चकमकी, पिढ्यान्‌पिढ्या चालणारी वैरे, चीजवस्तूंवाचून भागवण्याची सवय हे सगळे त्या वह्यांतून पुस्तकात आले. म्हणजे आम्ही जे वाचणार होतो ते मुळात कानांनी ऐकलेले होते, मग कागदावर उतरलेले, आणि शंभराहून अधिक वर्षांनी ते पुन्हा तोंडाने बोलले जाणार होते. एवढा मोठा फेरा पडल्यावर शब्दाचे काय होते हे मला तेराव्या प्रकरणाने चांगलेच शिकवले.

पण आधी मी अकरावे प्रकरण वाचले. त्याचे नाव ‘द लँड ऑफ डू विदाउट’, म्हणजे जे नाही त्यावाचून चालवून घेणाऱ्यांचा मुलूख. वाचायची जागा म्हणून कपड्यांची खोली निवडली. या देशातल्या घरांत झोपायच्या खोलीला लागून असते तशी ही बिनखिडकीची खोली, दोन्ही बाजूंना लटकलेल्या कपड्यांमुळे आवाज घुमत नाही अशी. दाराच्या फटीतून येणारा आवाज अडवायला आईने शिवून पाठवलेली गोधडी दारावर खिळ्यांना टांगली. वातानुकूलन यंत्र बंद ठेवायचे, कपडे धुण्याचे यंत्र बंद ठेवायचे आणि फ्रिजही बंद ठेवायचा, कारण त्याची घरघर आपल्या कानांना ऐकू येत नसली तरी मायक्रोफोन ती इमानाने टिपतो. पहिल्या दिवशी मी फ्रिज पुन्हा सुरू करायला विसरले आणि दुसऱ्या दिवशी दोन लिटर दुधाचे पनीर करावे लागले. मग एका जुन्या वाचकाने एक युक्ती सांगितली, की फ्रिज बंद केला की मोटारीची किल्ली त्याच्याच आत ठेवायची, म्हणजे घराबाहेर पडण्यापूर्वी तो उघडावाच लागतो. ती युक्ती मी आजतागायत सोडलेली नाही.

त्या प्रकरणाची पहिली वीस मिनिटे पूर्णपणे वाया गेली आणि त्याला माझ्याखेरीज कोणी जबाबदार नव्हते. नवा मायक्रोफोन तोंडासमोर ठेवून मी मोठ्या ऐटीत वाचत होते आणि संगणक मात्र स्वतःच्या पोटातल्या लहानशा मायक्रोफोनवरून ध्वनिमुद्रण करत होता, कारण ऑडॅसिटी या ध्वनिमुद्रणाच्या संगणक-प्रणालीमध्ये कोणते साधन वापरायचे ते निवडण्याची एक ओळ असते आणि ती मी पाहिलीच नव्हती. ऐकून पाहिले तर मी रांजणात बसून बोलते आहे असे वाटत होते. तेव्हापासून दोन वाक्ये बोलायची, मायक्रोफोनच्या जाळीवर नखाने हलकेच टकटक करायची, ती टकटक मुद्रणात मोठी ऐकू येते की नाही ते पाहायचे आणि मगच वाचायला बसायचे असा शिरस्ता ठेवला आहे.

वाचताना चूक झाली की थांबायचे नसते. एक टाळी वाजवायची आणि वाक्याच्या सुरुवातीपासून पुन्हा वाचायचे. संगणकाच्या पडद्यावर आवाजाची जी लहर दिसते तिच्यात टाळीच्या जागी ताडासारखा उंच सुळका उभा राहतो, त्यामुळे नंतर कापाकापी करताना चूक कोठे आहे हे न ऐकताही दिसते. माझ्या अकराव्या प्रकरणात असे सत्तरावर सुळके होते. त्यांतले निदान वीस ‘व’ या अक्षराचे. आपल्याला इंग्रजीतले दोन निरनिराळे उच्चार एकाच ‘व’मध्ये कोंबायची सवय असते, एक वरचे दात खालच्या ओठावर टेकवून करायचा आणि दुसरा दोन्ही ओठांचा चंबू करून. ‘व्हॅली’, ‘रेव्हेन्यू’ यांना दात लागतात, ‘वाइल्डरनेस’ आणि ‘व्हिस्की’ यांना ओठ, आणि ही चारही मंडळी एकाच परिच्छेदात भेटली की माझी जीभ कोठे जावे हे न कळून मधेच अडकायची. मी छापील पाने काढून पेन्सिलीने एका ‘व’खाली रेघ आणि दुसऱ्याभोवती गोल अशा खुणा केल्या, पण कागदाची सळसळ मुद्रणात येऊ लागली, म्हणून त्याच खुणा टॅबलेटवर उतरवून घ्याव्या लागल्या. वास्तविक हे सारे करण्याची कोणी सक्ती केली नव्हती. हट्ट माझाच होता.

उच्चारांची खरी परीक्षा व्यक्ती आणि स्थळे यांच्या नावांची होती. सगळ्यांत पहिली चूक लेखकाच्याच आडनावाची झाली. प आणि ह जोडून आले की इंग्रजीत फ होतो असे शिकल्यामुळे मी ‘केफार्ट’ म्हणाले, तर खरा उच्चार ‘केप्’ आणि ‘हार्ट’ असा दोन तुकड्यांत करायचा, जो खरे तर मराठी जिभेला अधिक सोपा आहे. त्यापाठोपाठ प्रदेशाचे नाव. शार्लटला येण्यापूर्वी मी दूरचित्रवाणीवर ‘अ‍ॅपलेशिया’ ऐकत आले होते, पण त्या डोंगरांतली माणसे ‘लॅच’वर जोर देऊन ‘अ‍ॅपलॅचा’ म्हणतात आणि दुसरा उच्चार कानावर पडला की समोरचा बाहेरचा आहे हे त्यांना तत्काळ समजते. आपल्याकडे महाबळेश्वरला आलेल्या पाहुण्याने तापोळ्याचे नाव वेडेवाकडे उच्चारले की गाडीवाले जसे एकमेकांकडे पाहतात तशीच ही गोष्ट आहे. समन्वयक बाईंनी मग उच्चारांची एक यादीच करून सर्वांना दिली. नॅन्टाहेला, टकसीजी, ओकोनालफ्टी, कॅटलूची. ही बहुतेक नावे चेरोकी या तिथल्या मूळ रहिवाशांच्या भाषेतून आलेली आहेत, आणि स्मोकी पर्वतातल्या ज्या सर्वोच्च शिखराला पुस्तकाच्या काळी क्लिंगमन्स डोम म्हणत त्याला २०२४ साली त्याचे मूळचे चेरोकी नाव, कुवोही, अधिकृतपणे परत मिळाले. आम्ही अर्थात पुस्तकात आहे तेच वाचले. छापील शब्द बदलायचा नाही हा या कामातला सर्वांत कडक नियम आहे.

त्या नियमाचा मला एका बाबतीत त्रासही झाला. केप्‌हार्ट यांना आपल्या शेजाऱ्यांविषयी माया होती, पण ते त्यांच्या काळाचे लेखक होते आणि गोऱ्या नसलेल्या माणसांविषयीचे त्या काळचे पूर्वग्रह पुस्तकात डोकावतात. शिवाय त्यांनी दारूच्या भट्ट्या आणि खूनबाजी यांवर एवढी पाने खर्च केली, की डोंगरातला माणूस म्हणजे बंदूक आणि हातभट्टी अशी जी समजूत बाहेरच्या जगात पुढे पक्की झाली तिला या पुस्तकानेही हातभार लावला असे माझे मत आहे. हातभट्टीची त्यांनी सांगितलेली कारणमीमांसा मात्र वाचनीय आहे. घोड्याच्या पाठीवर मक्याची पोती लादून डोंगराच्या वाटेने बाजारात न्यायची तर वाहतुकीतच सगळी किंमत जाते, पण त्याच मक्याची दारू गाळली तर थोड्या ओझ्यात पुष्कळ पैसा येतो. सरकारने त्यावर कर बसवला तेव्हा शेतकऱ्याला तो आपल्या पिकावरचाच अन्याय वाटला. हे प्रकरण वाचणारे गृहस्थ व्यवसायाने हिशेबतपासनीस होते आणि ते कराचे आकडे इतक्या आत्मीयतेने वाचत, की ऐकणाऱ्याला त्यांतच गोडी वाटावी.

आता तेरावे प्रकरण. ते मी मागून घेतले त्याचे कारण सरळ होते. मी जिथली आहे तिथे घरात ‘न्हाय’, ‘आरं’, ‘म्या’ असे बोलत आणि शाळेत गुरुजी त्या प्रत्येक शब्दावर छडी आपटत. पुढे कराडला महाविद्यालयात असताना स्नेहसंमेलनाच्या नाटकांत मला दर वर्षी मोलकरणीची भूमिका मिळायची, कारण मराठी रंगभूमीवर गडीमाणसे गावरान बोलतात आणि त्यावर प्रेक्षक हसतात, हे ठरूनच गेलेले होते. हशा चांगला पिकायचा. त्या हशाची चव मला ठाऊक असल्यामुळे हे प्रकरण कोणी नाटकी ढंगाने वाचू नये असे वाटत होते, आणि मग मी स्वतः पहिल्या खेपेस नेमके तेच केले.

त्या बोलीत ‘इट’ या सर्वनामाला ‘हिट’ म्हणतात. हा अडाणीपणा नाही. हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत तो शब्द ‘हिट’ असाच होता, शहरी भाषेने त्यातला ह टाकून दिला आणि डोंगराने तो जपला. क्रियापदाच्या आधी ‘अ’ लावून ‘अ-गोइंग’, ‘अ-हंटिंग’ म्हणतात. ‘हेल्प’चा भूतकाळ ‘होल्प’ करतात आणि तेही रूप जुनेच आहे. पिशवीला ‘पोक’ म्हणतात, सुइणीला ‘ग्रॅनी-वुमन’. ऱ्होडोडेंड्रॉनच्या झुडपांना ते ‘लॉरेल’ म्हणतात आणि ज्याला बाहेरचे लोक माउंटन लॉरेल म्हणतात त्याला ‘आयव्ही’, त्यामुळे वनस्पतिशास्त्राचे पुस्तक घेऊन गेलेला माणूस हमखास चकतो. मला सर्वांत गंमत वाटली ती त्यांच्या जोडशब्दांची. बिस्किट म्हटले तरी पुरे असताना ‘बिस्किट-ब्रेड’, हॅम हे मांसच असताना ‘हॅम-मीट’, तशीच ‘रायफल-गन’, तसाच ‘प्रीचर-मॅन’. आपल्याकडे पिवळा पितांबर म्हणून ज्या प्रयोगाला हसतात त्याच जातीचे हे शब्द आहेत, पण एकापाठोपाठ एक मोठ्याने वाचले की त्यांचा एक ठेका लागतो आणि दुसरा शब्द फुकटचा न वाटता पहिल्याला टेकू दिल्यासारखा वाटतो.

हा ठेका सापडल्यामुळे मला जरा अधिकच उत्साह चढला. संवादाची वाक्ये आली की मी आवाज खाली घेई, स्वर लांबवी, प्रत्येक शब्द चघळल्यासारखा उच्चारी. पाऊण तासाचे मुद्रण तयार झाले. चुका कापून, मधले लांबलेले श्वास छाटून, आवाजाची पातळी ८९ डेसिबलच्या आसपास आणून, ठरलेल्या दर्जाच्या (१२८ केबीपीएस) फाइलमध्ये उतरवून आणि शेवटी नियमाप्रमाणे पाच सेकंदांची शांतता जोडून मी ते पाठवले. या एका प्रकरणामागे माझे सहा तास गेले होते आणि मला ते सार्थकी लागले असे वाटत होते.

प्रत्येक मुद्रण दुसरा एक स्वयंसेवक समोर पुस्तक ठेवून ऐकतो. वाक्य गळले आहे का, दोनदा आले आहे का, मधे लांब खंड पडला आहे का, कुत्रा भुंकला आहे का, एवढेच त्याने पाहायचे असते. वाचण्याच्या ढंगावर त्याने न विचारता मत द्यायचे नाही हा शिष्टाचार तेथे कसोशीने पाळला जातो, आणि अनेक वाचक टिकून राहतात ते त्यामुळेच. आमच्या पुस्तकाच्या श्रवणतपासणीचे काम एका निवृत्त बाईंकडे होते. त्यांच्याकडून आलेल्या टिपणात तीन जागा होत्या. पाचव्या मिनिटाला एक ओळ गळली होती. एकविसाव्या मिनिटाला ‘इन द’ हे शब्द दोनदा आले होते, म्हणजे टाळी कापताना माझी कात्री चुकली होती. तिसऱ्या जागेविषयी त्यांनी लिहिले होते, की छापील पानावर ‘इट’ आहे आणि तुम्ही ‘हिट’ वाचले आहे, आणि असे एकूण नऊ ठिकाणी झाले आहे.

मी पाठाशी ताडून पाहिले. बाईंचे बरोबर होते. डोंगरातला माणूस सरसकट ‘हिट’ म्हणत नाही. वाक्याच्या आरंभी किंवा जेथे जोर द्यायचा तेथे ‘हिट’ येते, आणि बोलण्याच्या ओघात ते हलके झाले की ‘इट’च राहते. केप्‌हार्ट यांनी कान देऊन ऐकलेले असल्यामुळे त्यांनी दोन्ही रूपे आपापल्या जागी छापली होती, आणि मी मात्र एकदा शब्द सापडल्याच्या आनंदात तो दिसेल तेथे ठोकून दिला होता. नाटकातली मोलकरीण प्रत्येक वाक्यात ‘बया’ म्हणते, खरी कोणी म्हणत नाही, आणि हे माझ्याइतके चांगले कोणाला माहीत असायला हवे होते? रात्रभर मला लाज वाटत राहिली.

दुसऱ्या दिवशी मी होऊन त्यांना विचारले, की ढंगाबद्दल तुम्हाला काय वाटते ते सांगाल का. त्यांचे उत्तर यायला चार दिवस लागले. त्या स्वतः पश्चिम नॉर्थ कॅरोलिनाच्या डोंगरात वाढलेल्या निघाल्या. त्यांनी फार सौम्यपणे सांगितले, की त्यांच्या आजीचे बोलणे कोणाला ऐकवण्यासाठी नव्हते, तिला घाई असे, चुलीवर काही तरी असे, आणि ती भरभर बोले. तुमचे वर्णनाचे परिच्छेद ऐकताना मला तुम्ही दिसता, संवाद ऐकताना मात्र कोणीच दिसत नाही, असेही एक वाक्य त्यात होते. डोंगरी उच्चार आणण्याचा प्रयत्न करू नका, तुम्ही जशा बोलता तशाच वाचा, शब्द तेवढे पानावर आहेत तसे येऊ द्या, एवढीच त्यांची सूचना होती.

नऊ ठिकाणी ठिगळे लावून भागले असते. मी संपूर्ण प्रकरण पुन्हा वाचले. या वेळी स्वर लांबवला नाही, आवाज बदलला नाही, आणि सगळ्यांत महत्त्वाचे म्हणजे वेग कमी केला नाही. पुष्कळशी बोलीतली वाक्ये त्या वेगात आपोआप बसत गेली. ‘अ-गोइंग’मधला ‘अ’ हळू वाचला की लंगडतो, भरभर वाचला की मागच्या शब्दाचा हात धरून पुढे जातो. काही ठिकाणी माझा ट आणि ड पाटणचाच राहिला, कारण इंग्रजांचा दातांमागे हलकेच टेकणारा ट मला वीस वर्षांत साधलेला नाही आणि यापुढेही साधेल असे दिसत नाही. ऐकणाऱ्याला एका मराठी बाईच्या तोंडून स्मोकी पर्वतातला शिकारी ऐकू येतो. पण तो शिकारी काय म्हणतो आहे ते आता समजते. दुसरे मुद्रण पहिल्यापेक्षा सहा मिनिटांनी कमी भरले आणि टिपण आले त्यात एकही जागा नव्हती.

बाकीची प्रकरणे हळूहळू आली. अस्वलाच्या शिकारीचे चौथे प्रकरण शेकोटीजवळच्या कुत्र्याला उद्देशून काढलेल्या उद्गाराने सुरू होते आणि ते वाचणाऱ्याने खरोखर पायाशी झोपलेल्या आपल्या कुत्र्याला उद्देशूनच ते म्हटले, असे त्याने आम्हाला सांगितले. एका वाचकाचा आवाज बसला आणि त्याचे प्रकरण दोन महिने अडकले. शेवटचे प्रकरण आले तेव्हा सुरुवात होऊन नऊ महिने झाले होते. मग सगळ्या फाइलींची नावे एकसारखी करणे, लेखक आणि वाचक यांची माहिती भरणे आणि संपूर्ण पुस्तक इंटरनेट आर्काइव्ह या सर्वांना खुल्या ऑनलाइन संग्रहावर चढवणे ही कामे समन्वयकांनी केली, त्यांत माझा काही वाटा नाही.

पुस्तक पूर्ण झाल्यावरच्या ऑक्टोबरात आम्ही फोंटाना तलावावर गेलो होतो. केप्‌हार्ट यांनी स्मोकी पर्वताचे राष्ट्रीय उद्यान व्हावे म्हणून लेखणी झिजवली, त्यांच्या पश्चात १९३४ साली ते झाले, आणि त्यासाठी ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांत त्यांच्या पुस्तकातल्यासारखीच माणसे होती. पुढे दुसऱ्या महायुद्धात विजेसाठी फोंटाना धरण बांधले गेले, ४८० फूट उंचीचे. त्याच्या पाण्यात जुना रस्ता बुडाला आणि हेझल क्रीकच्या खोऱ्यातील उरलीसुरली वस्तीही उठली. तेथले वंशज आजही उन्हाळ्यातल्या ठरावीक दिवशी होडीने पलीकडे जाऊन आपल्या पूर्वजांच्या थडग्यांवर फुले वाहून येतात. माझे आजोळ कोयनेच्या शिवाजीसागरात गेले, तेव्हा पाण्याच्या त्या कडेला मी जरा जास्त वेळ उभी राहिले, इतकेच.

आईला मी मुद्रणाचा दुवा पाठवला होता. तिला इंग्रजी येत नाही. तरी तिने सबंध तेरावे प्रकरण शेंगा फोडता फोडता ऐकले आणि रविवारी फोन केला तेव्हा मी कसे वाटले म्हणून विचारले. ती म्हणाली, “चांगलं हाय. पर मधी एकदा तुजी खुर्ची करकारली बघ.” मी म्हटले, शक्यच नाही, तीन माणसांनी तपासले आहे. फोन ठेवल्यावर कपड्यांच्या खोलीत जाऊन कानाला हेडफोन लावून ऐकत बसले, तर बत्तिसाव्या मिनिटाला, ‘प्रीचर-मॅन’च्या जरा पुढे, ती करकरली होती.